टपालाच्या चाळणीचा लहरीपणा : कारणे आणि उपाय



पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना सार्वजनिक क्षेत्रात उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या माळरानावर कारखान्यांची रांग लागली. १९७० मध्ये येथे नगरपालिका आली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. पुढे हीच रांग नाशिक मार्गाने चाकण, महाळुंगे, निघोजे या गावांपर्यंत जाऊन पोहोचली. मोटारी जुळवणारे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य लहान वर्कशॉप यांचा हा पट्टा आज देशाच्या वाहनउद्योगाचा एक आधारस्तंभ मानला जातो.

या पट्ट्यातील व्यवहार पूर्वी चलन, टपाल आणि दूरध्वनी यांवर चालत असे. आता दरपत्रकाची मागणी, परचेस ऑर्डर, पुरवठ्याचे शेड्यूल आणि नाकारलेल्या मालाची सूचना यांपैकी बरेचसे ई-मेलने येते. ग्रामपंचायतीची, शाळेची आणि तहसील कार्यालयाची परिस्थितीही फारशी वेगळी नाही. आणि त्याच पेटीत बक्षिसांची आमिषे, बनावट बिले, बँकेच्या नावाने केलेली फसवी पत्रे यांचाही भरणा होत असतो. या अनिष्ट टपालास जगभर ‘स्पॅम’ असे म्हणतात, आणि ते वेगळे काढणाऱ्या संगणकीय व्यवस्थेस चाळणी म्हणणे वावगे होणार नाही.

ही चाळणी शिकवावी लागते. शिकवताना ती पुष्कळदा लहरीपणे वागू लागते. काल जे पत्र तिने अडवले, तसेच पत्र ती आज सोडते. शंभर पत्रे शिकवल्यावर सुधारते आणि दीडशे शिकवल्यावर बिघडते. एका मेजावर ठीक चालते आणि शेजारच्या मेजावर चुकते. अशा वेळी ‘यंत्रच वाईट’ असा निष्कर्ष काढून चाळणी बंद करण्याकडे कल होतो. परंतु या लहरीपणाला बहुधा निश्चित कारणे असतात आणि ती क्रमाने शोधता येतात. प्रस्तुत विवेचनाचा विषय तोच आहे.

चाळणी शिकते कशी?

अनाहूत जाहिरातीच्या ई-मेलचे पहिले ठळक उदाहरण मे १९७८ मधील मानले जाते. अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री विभागातील गॅरी थर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण तत्कालीन ‘आर्पानेट’ जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठविले. त्यानंतरच्या काळात अशा टपालाचा पूर आला आणि ‘अमुक शब्द दिसला की पत्र अडवा’ अशा हाताने लिहिलेल्या नियमांना तो आवरेनासा झाला. २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम या संगणकतज्ज्ञाने संभाव्यतेच्या गणितावर आधारलेली एक सोपी रीत मांडली आणि ती लवकरच सर्वत्र रूढ झाली. या रीतीचे मूळ अठराव्या शतकातील थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या सिद्धान्तात आहे. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, प्रसिद्ध झाला.

रीत अशी. समजा, चाळणीला १०० इष्ट आणि १०० अनिष्ट पत्रे दाखविली. ‘तातडीने’ हा शब्द अनिष्ट पत्रांपैकी ४० मध्ये आणि इष्ट पत्रांपैकी १० मध्ये आढळला. तर केवळ हा शब्द असलेले पत्र अनिष्ट असण्याची शक्यता ४० भागिले ५०, म्हणजे ०.८ धरली जाते. असेच ०.८ वजनाचे दोन शब्द एका पत्रात आले, तर दोन्ही मिळून शक्यता सुमारे ०.९४ होते. एक शब्द ०.८ आणि दुसरा ०.२ असेल, तर दोन्ही एकमेकांना खोडून काढतात आणि शक्यता ०.५ वर येते. म्हणजे चाळणी पत्राचा अर्थ समजून घेत नाही. ती दोन वह्यांतील शब्दांच्या नोंदी मोजते. म्हणूनच वह्यांतील नोंदी चुकल्या की निकाल चुकतो, आणि वह्या बदलल्या की निकालही बदलतो. लहरीपणाचे बहुतेक सारे प्रकार या एका वाक्यातून समजावून घेता येतात.

थोडे नमुने, अपुरे ज्ञान

पहिले कारण नमुन्यांच्या अपुरेपणाचे. एखादा शब्द एकाच अनिष्ट पत्रात आला आणि इष्ट पत्रात अजून आलाच नसेल, तर कोरडे गणित त्याला शंभर टक्के दोषी ठरवील. दुसऱ्या दिवशी तोच शब्द एका इष्ट पत्रात आला की त्याचे वजन एकदम निम्म्यावर येईल. आरंभीच्या दिवसांतील हेलकावे हे असे असतात. ग्रॅहॅम यांनी यासाठीच पाचांहून अधिक वेळा न आढळलेला शब्द विचारात घेऊ नये अशी सोय ठेवली होती.

२००१ मध्ये प्रथम प्रसृत झालेली ‘स्पॅमॲसॅसिन’ ही विनामूल्य चाळणी अनेक ठिकाणी वापरली जाते. तिचा शिकणारा भाग मूळ मांडणीनुसार किमान २०० इष्ट आणि २०० अनिष्ट पत्रे शिकल्याशिवाय बोलतच नाही. कित्येक कार्यालयांत अनिष्ट पत्रे उत्साहाने शिकवली जातात आणि इष्ट पत्रे शिकवायची राहून जातात. मग पाचशे अनिष्ट पत्रे शिकवूनही काहीच फरक पडत नाही. पुढे कोणी इष्ट पत्रांचा दोनशेवा नमुना देतो आणि त्या क्षणापासून सारे निकाल बदलतात. यात आणखी एक मेख आहे. शिकणारा भाग जागा झाला की या चाळणीतील इतर नियमांचे गुणही वेगळ्या तक्त्यातून घेतले जातात. त्यामुळे ज्या नियमाला कोणी हात लावलेला नाही, त्याचेही वजन एका रात्रीत बदललेले दिसते. ही बिघाडाची खूण नव्हे. ती यंत्राची ठरलेली रचना आहे, आणि ती ठाऊक असली म्हणजे घबराट टळते.

दोन तपासनीस, दोन मते

दुसरे कारण माणसांकडे आहे. अनिष्ट कशास म्हणावे, याविषयी कार्यालयात एकमत नसते. यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनाचे निमंत्रण खरेदी विभागाला हवे असते. लेखा विभाग तेच पत्र अनिष्ट म्हणून चिन्हांकित करतो. एखाद्याने स्वतःच मागविलेले नियतकालिक कंटाळा आल्यावर बंद करण्याऐवजी तो ‘स्पॅम’ची कळ दाबतो. सणाच्या शुभेच्छांचे पत्र एका लिपिकाला स्नेहाचे आणि दुसऱ्याला निरुपयोगी वाटते. चाळणीच्या वहीत मग एकाच प्रकारच्या पत्राच्या दोन्हीकडे नोंदी होतात आणि तिचे मत ०.५ च्या आसपास लोंबकळत राहते. विद्यार्थ्याला दोन शिक्षकांनी दोन उत्तरे शिकवावीत आणि परीक्षेत तो गोंधळला म्हणून त्यालाच बोल लावावा, तसा हा प्रकार आहे.

यावर उपाय प्रशासकीय आहे. अनिष्ट पत्राची व्याख्या एका पानावर लिहून काढावी, तीत शंकास्पद प्रकारांची उदाहरणे द्यावीत, आणि शिकवण्याचे काम एका-दोन नेमलेल्या व्यक्तींकडेच सोपवावे. ज्या पत्राबद्दल त्यांचेही एकमत होत नाही, ते शिकवणीतून वगळावे.

शिकवले एकाला, परीक्षा दुसऱ्याची

तिसरे कारण तांत्रिक असले तरी अत्यंत साधे आहे. अनेक चाळण्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र वही ठेवतात. व्यवस्थापक आपल्या खात्यातून शिकवतो आणि प्रत्यक्ष टपाल मात्र दुसऱ्याच खात्याच्या नावाने तपासले जाते. शिकवणीचा आकडा वाढत जातो, वागणुकीत फरक पडत नाही. टपाल दोन सर्व्हरांवर येत असेल आणि दोन्हींच्या वह्या वेगळ्या असतील, तर एकच पत्र कोणत्या दाराने आत आले यावर त्याचा निकाल ठरतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा : शिकवणीची नोंद कोणत्या वहीत झाली आणि तपासणी कोणत्या वहीतून होते?

पत्र शिकवणीसाठी ‘फॉरवर्ड’ करण्याची चूकही सर्रास होते. पुढे पाठविलेल्या पत्राचे शीर्षभाग, म्हणजे ते कोठून निघाले आणि कोणत्या मार्गाने आले याच्या नोंदी, बदलतात. त्या जागी पाठविणाऱ्या सहकाऱ्याचे नाव, पत्ता आणि स्वाक्षरी येते. अशी पन्नास पत्रे ‘अनिष्ट’ म्हणून शिकविली की चाळणी त्या सहकाऱ्यालाच संशयित मानू लागते आणि त्याची खरी पत्रे अडकू लागतात. पत्र मूळ स्वरूपात, संपूर्ण शीर्षभागासह, शिकवणीच्या कप्प्यात हलवणे हाच योग्य मार्ग होय.

काही चाळण्या स्वतःच्या निकालावरून स्वतःच शिकतात. उपरोक्त चाळणीत मूळ मांडणीनुसार ज्या पत्राचे गुण १२ किंवा त्याहून अधिक होतात ते अनिष्ट, आणि ज्याचे ०.१ हून कमी ते इष्ट, असे धरून आपोआप नोंद होते. ही सोय उपयुक्त आहे. परंतु चतुराईने लिहिलेले फसवे पत्र कमी गुण मिळवून गेले, तर ते इष्टाच्या वहीत जमा होते आणि त्याच्या भावंडांना वाट मोकळी होते. चूक चुकीला जन्म देते. दोष शोधत असताना ही स्वयंशिकवणी तात्पुरती बंद ठेवणे श्रेयस्कर.

मराठी मजकुराची विशेष अडचण

महाराष्ट्रातील कार्यालयांना एक वेगळीच अडचण भेडसावते, आणि परदेशी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दात काना, मात्रा, अनुस्वार धरून ११ चिन्हे आहेत. म्हणजे ३३ बाइट झाले. जी चाळणी बाइट मोजून लांब शब्द तोडते, तिच्या हाती मराठी शब्दाचे तुकडेच येतात, आणि ‘शेतकरी’, ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांची’ यांतील फरक पुसून जाऊ शकतो.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी की ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘अधिकाऱ्यांना’ या शब्दांतील ऱ्य दोन प्रकारे टंकित होतो. काही कळफलक नुक्त्याचा स्वतंत्र ऱ वापरतात. काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात. यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच दोन रूपे प्रचारात आहेत : एक अखंड, आणि दुसरे अ वर चंद्र देऊन केलेले. शासकीय पत्रव्यवहारात असे शब्द पदोपदी येतात. परिणामी एका कार्यालयाच्या संगणकावर लिहिलेली पत्रे ओळखणारी चाळणी दुसऱ्या कार्यालयाची तीच पत्रे अनोळखी ठरविते.

युनिकोडपूर्व काळातील फाँटांत लिहिलेला मजकूर तर यंत्राला रोमन अक्षरांची निरर्थक रास भासतो. अनिष्ट पत्रे लिहिणारे लोकही मुद्दाम अशीच निरर्थक अक्षरे पेरतात. तेव्हा चाळणीने खऱ्या परिपत्रकावर संशय घेतला तर नवल नाही. यास्तव मराठी पत्रव्यवहार युनिकोडमध्येच करावा, शिकवणीपूर्वी अशा पर्यायी रूपांचे एकरूपीकरण करण्याची व्यवस्था असावी, आणि इष्ट नमुन्यांत मराठी, हिंदी, इंग्रजी व रोमन लिपीत लिहिलेली मराठी या सर्वांचा प्रत्यक्ष टपालाच्या प्रमाणात समावेश करावा.

कारखान्यातील शिस्त चाळणीला लावावी

आता दोषशोधनाची पद्धत. यासाठी पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याला परक्या ज्ञानाची गरज नाही. येथील सुटे भाग बनविणाऱ्या वर्कशॉपमध्ये नगाच्या तपासणीआधी तपासणीच्या साधनाचीच परीक्षा घेतली जाते. तिला ‘एमएसए’, म्हणजे मोजमाप-पद्धतीचे विश्लेषण, म्हणतात. वाहनउद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता-मानकात ते आवश्यक मानले आहे. ‘गो–नो गो’ गेजसारखे जे साधन केवळ ‘पास’ किंवा ‘नापास’ एवढेच सांगते, त्याच्यासाठी बहुधा ५० नग घेतात, ते तीन तपासनिसांकडे देतात, आणि प्रत्येकजण क्रम बदलून तीन वेळा तपासतो. एकाच माणसाने एकाच नगाला दोनदा वेगळा निकाल दिला तर पुनरावृत्तीचा दोष. दोन माणसांचे निकाल जुळले नाहीत तर दोष माणसामाणसांतील फरकाचा. आणि सर्वांचे निकाल जुळूनही ते प्रमाणित उत्तराशी विसंगत असतील, तर गेजच चुकीचे.

टपालाची चाळणी हेही एक ‘गो–नो गो’ गेजच आहे. तेव्हा पुढील क्रम अवलंबावा.

प्रथम, शिकवणी थांबवून वहीची प्रत सुरक्षित ठेवावी. बदलत्या साधनाची परीक्षा घेता येत नाही.

दुसरे, ५० पत्रांचा कसोटीचा गठ्ठा तयार करावा. त्यात दोन्ही प्रकारची पत्रे असावीत, सीमारेषेवरचीही असावीत, आणि त्यांतील एकही शिकवणीत वापरलेले नसावे. शिकवलेल्याच पत्रांवर परीक्षा घेणे म्हणजे फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवर गुण देणे होय. एकाच पत्राच्या किरकोळ फरकाच्या प्रती दोन्हीकडे जाणार नाहीत, हेही पाहावे.

तिसरे, तीन कर्मचाऱ्यांनी तो गठ्ठा स्वतंत्रपणे आणि तीन वेळा वर्गीकृत करावा. येथेच मतभेद आढळले तर आधी व्याख्या दुरुस्त करावी. माणसांत एकवाक्यता नसताना यंत्राकडून ती अपेक्षिणे व्यर्थ आहे.

चौथे, तोच गठ्ठा चाळणीतून तीन वेळा काढावा. वही गोठवलेली असूनही निकाल बदलले, तर कारण बाहेर आहे. काही चाळण्या दर वेळी इंटरनेटवरील काळ्या याद्यांना विचारणा करतात. यादीत नवे नाव आले किंवा उत्तर वेळेत आले नाही, की गुण बदलतात. ज्या पत्राचे गुण मर्यादेच्या अगदी जवळ असतात, त्याला एवढा फरकही पुरतो. बाहेरील विचारणा बंद करून पुन्हा तपासावे.

पाचवे, कोऱ्या वहीवर त्याच नमुन्यांची शिकवणी पुन्हा द्यावी. निव्वळ शब्द मोजणाऱ्या पद्धतीत निकाल तोच यायला हवा. आधुनिक पद्धतींपैकी काही मात्र आरंभी यादृच्छिक आकडे घेतात आणि नमुन्यांचा क्रमही पिसतात. त्यांत दोन शिकवण्यांचे निकाल थोडे भिन्न येणे स्वाभाविक आहे. तेथे आरंभीचा आकडा निश्चित करून तपासणी करावी, आणि एका शिकवणीवरून मत न बनवता पाच-सहा शिकवण्यांचे निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

सहावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवावी. तीन बदल एकदम केले आणि सुधारणा झाली, तर कोणत्या बदलाने ती झाली हे कधीच कळत नाही.

निकाल मांडताना एकच टक्केवारी देऊ नये. समजा, १०० पत्रांपैकी ९० इष्ट आहेत. तर काहीही न अडवणारी चाळणीसुद्धा ९० टक्के अचूक ठरेल! अडलेली इष्ट पत्रे किती आणि सुटलेली अनिष्ट पत्रे किती, हे दोन आकडे वेगळे द्यावेत. दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. एक जाहिरात सुटली तर अर्ध्या मिनिटाचा अपव्यय होतो. चाकणच्या मोठ्या कारखान्याचे बदललेले शेड्यूल अडकले, तर भोसरीच्या छोट्या पुरवठादारावर लाइन थांबविल्याचा ठपका येऊ शकतो. शाळेला आलेली परीक्षेच्या अर्जाची मुदत अडकली, तर नुकसान मुलांचे होते. म्हणून संशयित पत्रे नष्ट न करता वेगळ्या कप्प्यात ठेवावीत आणि तो कप्पा रोज एका जबाबदार व्यक्तीने पाहावा.

चाळणीची मर्यादा

चाळणी शिकून स्थिरावली तरी तिची मशागत संपत नाही. अनिष्ट पत्रे लिहिणारे आपली भाषा बदलतात, आणि जुने शब्द वहीतून कालांतराने गळून पडतात. ठरावीक मुदतीने गेजचे कॅलिब्रेशन करावे, तसा कसोटीचा गठ्ठा ठरावीक मुदतीने नव्या पत्रांनी अद्ययावत करून चाळणी तपासावी.

आणि एक धोका असा आहे की तो चाळणीला बहुधा दिसतच नाही. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पुढील रक्कम नव्या खात्यात भरावी’ असे नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने, त्याच्याच भाषेत, एका अक्षराचा फरक असलेल्या पत्त्यावरून पत्र येते. त्यात आमिष नसते, शुद्धलेखनाच्या चुका नसतात, अनिष्ट शब्द नसतात. शब्द मोजणारे यंत्र त्यास इष्टच म्हणणार. पाठविणाऱ्याची ओळख तपासणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या व्यवस्था खऱ्या पत्त्याचा तोतयेपणा काही अंशी रोखतात. परंतु मिळताजुळता नवा पत्ता घेतला तर त्यांचाही इलाज चालत नाही. तेथे माणसाची शिस्तच कामी येते. खाते बदलाची कोणतीही सूचना आधीपासून नोंदवहीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विचारून खात्री केल्याशिवाय अमलात आणू नये. त्या पत्रात दिलेल्या क्रमांकावर तर मुळीच विचारू नये. रक्कम गेलीच, तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे आणि पोलिसांत तक्रार द्यावी. पिंपरी-चिंचवडसाठी २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय कार्यरत आहे.

सारांश, चाळणीचा लहरीपणा हा बहुतांशी तिला मिळालेल्या शिकवणीतील विसंगतीचा आरसा असतो. नमुने पुरेसे, व्याख्या एक, वही एक, लिपी एकरूप आणि कसोटी स्वतंत्र, या पाच गोष्टी सांभाळल्या तर तो पुष्कळ अंशी ओसरतो. यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याने, शाळेच्या लिपिकाने किंवा वर्कशॉपच्या लेखनिकाने ५० पत्रांचा एक गठ्ठा बाजूला काढला, म्हणजे हे काम सुरू झाले.